कमोडवर बसणारा सिट्झ बाथ टब, शुगर असणाऱ्यांनी वाचा

मूळव्याधीसाठी घेतला, प्लॅस्टिकचा साधा टब आहे, कमोडच्या रिंगवर नीट बसतो, कोमट पाणी भरायचं आणि १०-१५ मिनिटं बसायचं बस्स. ठणका आणि खाज दोन्हीला खरंच आराम पडतो, खाली वाकून परातीत बसायची कसरत नाही, गुडघे दुखणाऱ्यांना तर मस्तच.

पण बॉक्सवर नुसतं 'गरम पाणी' लिहिलंय ते मला अजिबात पटलं नाही. डायबेटिसमध्ये नसांची संवेदना कमी झालेली असेल तर चटका बसलेला कळतच नाही, म्हणून थर्मामीटर टाकून बघायचं, ४० डिग्रीच्या वर नको. मीठ, डेटॉल काही टाकू नका, आणि नंतर टिपून कोरडं करा, घासायचं नाही, ओलं राहिलं की शुगरवाल्यांना फंगल पटकन होतं.

सोबत फ्री आलेलं इसबगोल मात्र मी वापरलं नाही, ऑरेंज फ्लेवरवालं होतं आणि त्यात चक्क साखर! साधं बिनसाखरेचं घ्या, ग्लासभर पाण्यासोबत, आणि सुरू करायच्या आधी डॉक्टरांना विचारा कारण त्याने शुगर थोडी खाली येऊ शकते. स्टेरॉइडवालं मलम पण मनाने आठवड्याच्या वर लावू नका.

ताप, पू, वाढती सूज किंवा रक्त जात असेल तर टबात बसून राहू नका, सरळ डॉक्टर गाठा. ड्रेन पाइप फालतू आहे, दोनदा निघाला, त्याचा एक स्टार कापला.