सकाळचा शो छान, पण एक माफी बाकी आहे (पाचपैकी दोन तारे)

माझं जळगावात ब्लाऊज शिवायचं आणि फॉल-पिकोचं दुकान आहे. सकाळी शटर वर केलं की उदबत्ती, मग रेडिओ, मग मशीन. शिवणाऱ्या बाईला टीव्ही चालत नाही, नजर सुईवर लागते. त्यामुळे आमच्या शहरातल्या एका खासगी एफएमचा सात ते अकराचा शो मी सहा वर्षं रोज ऐकला.

शो चांगला आहे, हे आधी सांगते. आवाज स्वच्छ येतो, जुनी गाणी पूर्ण वाजवतात, मध्येच कापत नाहीत. आज कोणत्या भागात वीज जाणार, पाणी उद्यावर गेलं का, हे इथेच पहिल्यांदा कळतं. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच लावाव्या लागतात. मग उरतं काय, तर गाणी आणि बोलणारा माणूस. गाणी तर मोबाईलवरही मिळतात. आम्ही त्या माणसासाठी रेडिओ लावायचो.

आठ वाजता फोन घ्यायचा तो. एका अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माझ्या आईने फोन लावला. आई अमळनेरकडच्या खेड्यातली, वय पंच्याहत्तर, जन्मभर अहिराणीच बोलली. लाईन खरखरत होती. आई ओरडली, "माले ऐकू येस नही, जोरमा बोल भाऊ!" तो हसला, पण मायेने हसला. "आजी, आता येतंय का ऐकू?" असं तीनदा विचारलं आणि तिच्याकडून झोक्यावरचं गौराईचं गाणं म्हणवून घेतलं. पूर्ण दोन कडवी. मी कात्री हातात धरून तशीच उभी होते. आई त्यानंतर महिनाभर ज्याला त्याला सांगत होती.

मागच्या थंडीत त्याने सोशल मीडियावर एक रील टाकली. लुगडं नेसलेला, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, एटीएमच्या मशीनसमोर उभा. मशीन कार्ड मागतं आणि ही म्हातारी मशीनच्या तोंडाशी कान नेऊन ओरडते, "माले ऐकू येस नही, जोरमा बोल भाऊ!" मागून हसण्याचा आवाज. शेवटी लिहिलं होतं, 'गावाकडची आजी आली शहरात'.

भाच्याने मोबाईलवर आईला दाखवली. आईने दोनदा बघितली. मग हळूच मला म्हणाली, "हाई मीच शे ना व?"

नाही म्हणाले मी. खोटं बोलले.

आम्ही खान्देशी माणसं थट्टेला घाबरणारी नाही. लग्नात विहिणी एकमेकींची जी उडवतात ती बाहेरच्याला ऐकवत नाही. पण तिथे समोरची विहीण उठून दुप्पट परत करते. इथे आईच्या हातात काय होतं? तिने विश्वासाने फोन लावला, त्याने तिचे शब्द ठेवून घेतले आणि तिच्या माघारी हजारो लोकांसमोर लुगडं नेसून वापरले. मला लागलं ते हे. त्याच रीलच्या आठवडाभर आधी, ३ डिसेंबरला, बहिणाबाईंच्या पुण्यतिथीला हाच माणूस भरल्या गळ्याने त्यांच्या कविता म्हणत होता. बहिणाबाईंची लेवागणबोली वेगळी, आमची अहिराणी वेगळी, पण त्याही आसोद्याच्या, अक्षर न शिकलेल्या शेतकरीण बाई. त्यांच्या नावाचं विद्यापीठ चालतं आणि आमच्या आईची बोली हसायला?

गावात आरडाओरडा झाला, निवेदनं गेली, शाळेतल्या पोरी एकमेकींना "जोरमा बोल" म्हणून चिडवू लागल्या. मी स्टेशनवर फोन केला. उत्तर मिळालं, "ताई, ते त्यांचं पर्सनल पेज आहे, ऑन एअर काही गेलेलं नाही." नियमाने खरं असेल. हवेत जाणाऱ्या कार्यक्रमाला आकाशवाणीची आचारसंहिता लागते, मोबाईलवरच्या रीलला ती लागत नाही. पण त्या पेजवर नावाच्या खाली स्टेशनचं नाव आहे, फोटोत स्टेशनचा माईक आहे. दुकानाची पाटी लावून धंदा करायचा आणि तक्रार आली की पाटी उलटी करायची, हे मला माझ्या गिऱ्हाइकाशी करता येत नाही.

माझा मुलगा पत्रकारिता शिकतो. त्याने सांगितलं, मे २०१९ मध्ये बीबीसीच्या डॅनी बेकर नावाच्या निवेदकाने राजघराण्यातल्या नवजात बाळावरून चिंपांझीचा फोटो ट्विट केला. तोही स्वतःच्याच खात्यावर, रेडिओवर नव्हे. बीबीसीने दुसऱ्या दिवशी त्याला काढलं. मला मात्र आमच्या निवेदकाची नोकरी जायला नको आहे. त्याला मारायच्या धमक्या देणारे, त्याच्या बायकोबद्दल घाण लिहिणारे तर मुळीच माझ्या बाजूचे नाहीत. त्या बाईने काय केलं होतं?

चार दिवसांनी रील काढली आणि माफी आली. कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहे, एवढीच एक ओळ. 'असतील तर' कशाला? दुखावल्याच होत्या. आणि ती ओळही मोबाईलवर, जिथे आई पोहोचत नाही. तिला तो रेडिओवर भेटला होता. आठच्या फोनच्या वेळेला, दोन गाण्यांच्या मध्ये, आपल्या तोंडाने सांगायला हवं होतं की चुकलो. अहिराणीत सांगितलं असतं तर आणखी बरं. त्याला येते, हे आता सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या दिवशी मी आठ ते नऊ मशीन बंद ठेवून ऐकलं. वांग्याच्या भरतावर गप्पा झाल्या, दोन जाहिराती झाल्या, बस.

गाण्यांना आणि वीज-पाण्याच्या माहितीला दोन तारे देते. नवीन ऐकणाऱ्यांनी गाण्यांसाठी जरूर लावावा, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला फोन लावून देण्याआधी विचार करावा. दुकानात आता मी आकाशवाणी लावते. त्याने आठच्या वेळेला माफी मागितली तर मी परत येईन, तारेही बदलीन.

यंदाच्या अखजीला आई माझ्याकडेच होती. नातींना झोक्यावर बसवून तिने गौराईची चारही गाणी म्हटली. नात म्हणाली, रेडिओला फोन लावू का? आई म्हणाली, "नको व माय." आणि झोक्याला हात लावला.