निवृत्तीच्या पैशातून पेटी: साधी की स्केल चेंजर?

साठी ओलांडली, हातात थोडे पैसे आले आणि आता स्वतःची पेटी, म्हणजे हार्मोनियम, घ्यायचीच असं ठरलं, की दुकानदार पहिलं विचारतो: साधी दाखवू की पट्ट्या सरकवून सा बदलता येणारी स्केल चेंजर? आमच्या बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या भजनी मंडळांतली माझ्या वयाची माणसं हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. दोन्ही पेट्या घरी वाजवून मगच मी एक ठेवली, म्हणून विचारत असावेत. माझा कल कुठं आहे ते लपणार नाही. पण दुसरी पेटी टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. काहींनी तीच घ्यावी.

आधी पैशाचं. चांगली स्केल चेंजर चांगल्या साध्या पेटीच्या दुप्पट पडते, कधी तिप्पटही. दवाखान्याची ठेव मोडून कुणी पेटी घेऊ नये, हे सांगायला नकोच. ती ठेव बाजूला ठेवल्यावर जे उरतं, त्यातून घेतलेल्या पेटीबद्दल मात्र मनात अपराधी वाटून घेऊ नका. मुलं तोंडानं काही म्हणत नाहीत, पण ‘या वयात एवढा खर्च?’ हे चेहऱ्यावर वाचता येतं. ज्यानं उभा जन्म देवळाच्या पेटीवर, मित्राच्या पेटीवर, आपली पाळी येईल तेव्हा बोटं फिरवली, त्यानं आता तरी आपल्या सुराची पेटी घ्यावी. पंडित रामभाऊ विजापुरे (१९१७-२०१०) यांनी बेळगावात वर्षानुवर्षं पेटी शिकवली. अशा गावात पेटीची हौस म्हातारपणी उफाळून आली तर त्यात नवल ते काय?

आता स्केल चेंजरची बाजू, कारण ती खरोखर भक्कम आहे. आमच्याच मंडळात एक बुवा पांढरी चारमधून, म्हणजे चौथ्या पांढऱ्या पट्टीला सा धरून, अभंग उचलतात, दुसरे काळी दोन सोडायला तयार नाहीत. शेजारचे कन्नड काका पुरंदरदासांचं पद म्हणायला बसले की काळी एक हवी. बायकांच्या मंडळाला साथ करायची म्हटली की काळी चार नाहीतर पांढरी पाच. स्केल चेंजरवाल्याला याची फिकीर नाही. पट्ट्यांची अख्खी चौकट सरकवली, अडकवली, की बोटं नेहमीच्याच जागी. ज्याची बोटं सारं आयुष्य एकाच पट्टीत फिरली, त्यानं सत्तरीत नवी बोटं बसवायला शिकावं, हे बोलायला सोपं आहे. सांधे आखडलेले असतात, हातात वेग राहिलेला नसतो.

दुसरं कारण याहून मोठं आहे. वय वाढतं तसा बहुतेकांचा आवाज खाली येतो. तरुणपणी काळी दोनमध्ये सहज वरच्या सा ला टेकणारा माणूस पुढे काळी एकवर येतो, मग पांढरी एकवर. पेटी म्हातारपणी घ्यायची आणि आवाज तर दर काही वर्षांनी उतरणार, मग सरकणारी पेटी बरी नव्हे का? हा मुद्दा मला बराच काळ पटलेला होता, आणि अजूनही मी तो उडवून लावत नाही.

तरीही मी साधी पेटी ठेवली. त्याला कारण झाला आपला पावसाळा.

मित्राची स्केल चेंजर माझ्याकडे आली ती उन्हाळ्यात. आवाज भरदार, भाता हलका, पट्ट्या लोण्यासारख्या. वैशाखभर तिच्यावर प्रेम बसलं. मग जून लागला. आपल्याकडचा आषाढ-श्रावण परक्याला सांगून कळत नाही. कपडे चार-चार दिवस दोरीवर ओले राहतात, कपाटाची दारं फुगून बसत नाहीत, आणि पलीकडे खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला तर विचारूच नका. त्या दिवसांत पेटीची चौकट सरकवली की ती पूर्वीसारखी सपाट बसेना. उजवीकडचं टोक केसभर वर राहायचं. साध्या पेटीत प्रत्येक पट्टी आपल्याच झडपेला जोडलेली असते. स्केल चेंजरमध्ये पट्ट्या वेगळ्या आणि झडपा वेगळ्या. चौकट जागेवर नेमकी टेकली तरच पट्टी योग्य झडप दाबते. लाकडानं ओल धरली की त्या नेमकेपणालाच धक्का लागतो. तार सप्तकातला धैवत दाबला की आधी नुसती हवा फुसफुसायची, मग सूर. मंद्रातला पंचम तर न दाबताच लागून राहायचा, आणि मी अभंगाच्या ध्रुवपदावर असताना खालून घुमत बसायचा. चौकट परत उचलायची, परत बसवायची, तळहातानं थोपटायची. तोवर गाण्यातलं लक्ष उडालेलं. ज्या सोयीसाठी दुप्पट पैसे मोजायचे, तीच सोय पावसाच्या चार महिन्यांत भीत भीत वापरायची, हे माझ्या मनाला पटेना. सगळ्याच स्केल चेंजर अशा वागतात असं मी म्हणणार नाही. मुरलेल्या सागाची, कसबी हाताची पेटी कदाचित त्रास देणार नाही, आणि पेटीत बल्ब लावून ठेवणारेही आहेत. पण साध्या पेटीतही पट्टी चिकटते, तेव्हा ती एकटी चिकटते. गावातला पेटी दुरुस्त करणारा झाकण उघडतो, पट्टीची कड किंचित तासतो आणि संध्याकाळपर्यंत पेटी परत मिळते. स्केल चेंजर म्हटली की तोच कारागीर आधी हात मागे घेतो. जिथं बनवली तिथं पाठवा म्हणतो. अठरा-वीस किलोचं ते धूड रिक्षात घालून कुठंकुठं न्यायचं?

साध्या पेटीचा मोठा फायदा मला ती घेतल्यावर कळला, आणि आता तो नसता तर काय केलं असतं असं वाटतं. तंबोऱ्याचा खर्ज नीट लागला की त्यातून आपोआप गंधार ऐकू येतो, स्वयंभू गंधार. बाजारातून येणारी पेटी बारा सूर समान अंतरावर लावलेली असते. तिचा शुद्ध गंधार या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट असतात हे लक्षात घेतलं तर फरक कानाला कळण्याजोगा आहे. धैवताचंही तसंच. मध्यम-पंचमात फरक जेमतेम २ सेंटचा, म्हणून तिथं कुणी तक्रार करत नाही. १९४० मध्ये आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली, ती १९७१ मध्ये सैल झाली. पेटीला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही आणि श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक फरक, बसत नाहीत, हाच तेव्हाचा मुख्य आक्षेप होता. साधी पेटी आपल्या सा ला धरून गंधार ट्यूनिंगनं, म्हणजे गंधार त्या स्वयंभू जागेवर उतरवून, लावून घेता येते. कारागीर रीड, म्हणजे सूर देणारी धातूची पातळ जीभ, अगदी हलकी घासतो. टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. स्केल चेंजरला हे करून उपयोग नाही. पट्ट्या सरकवल्या की सा दुसऱ्याच रीडवर जातो आणि उतरवलेला गंधार भलत्याच सुराच्या वाट्याला येतो.

माझी पेटी अशी लावून आली त्या दिवशी इलेक्ट्रॉनिक तंबोरा सुरू केला, भूपाचा गंधार दाबला आणि भाता संथ सोडत राहिलो. पेटी आणि तंबोरा एकमेकांत मिसळले, सूर लाटेसारखा हलायचा थांबला. शेजारचे काका भिंतीपलीकडून येऊन दारात उभे राहिले आणि ‘हं, ईग सरी आयतु’, म्हणजे आता बरोबर झालं, म्हणाले. एवढी दाद मला पुरेशी होती.

राहिला आवाज उतरण्याचा प्रश्न. त्यावर माझा उपाय असा: पेटी लावताना आज जिथं ऐटीत गाता येतं तो सा देऊ नका, थकलेल्या संध्याकाळीही जिथं त्रास होत नाही तो द्या. मी अर्धा सूर खालीच धरला. पुढे आणखी उतरावं लागलं तर पेटी पुन्हा लावून घेता येईल, मात्र रीड वारंवार घासू नये, ती पातळ होते.

तेव्हा मंडळांना, शिकवणीला, वेगवेगळ्या गायकांना साथ करणं हाच ज्याचा मुख्य आनंद, त्यानं स्केल चेंजर खुशाल घ्यावी. घरात कोरडी खोली असावी आणि पेटी उचलायला तरुण हात असावा, एवढंच. पण सकाळी उठून आपल्याच गळ्यासाठी बसायचं असेल, तर माझा कौल साध्या दुहेरी रिडच्या, म्हणजे प्रत्येक सुराला दोन रीड असलेल्या, पेटीला. एखाद्या जुन्या वाड्यातली जर्मन रिडची पेटी निघत असेल तर ती आधी पाहा. भाता नवा घालता येतो, तशा रीड आता सहज मिळत नाहीत.

आणि पेटी पाहायला जायचंच तर जुलैत जा. दुकानात पाऊस सुरू असताना स्केल चेंजरची चौकट चार-पाच ठिकाणी सरकवून दाखवायला सांगा, प्रत्येक ठिकाणी मंद्रापासून तारापर्यंत एकेक पट्टी दाबा, मग सगळ्या सोडून नुसता भाता भरून कान लावा. काही न दाबता सूर ऐकू आला नाही आणि चौकट चारी बाजूंनी सपाट बसली, तर माझं म्हणणं बाजूला ठेवून ती घ्यायला माझी हरकत नाही.