पथकाची सूत्रं हाती आली: जुने हात ठेवायचे की नवे बसवायचे?

पुण्यातल्या ढोल-ताशा पथकांवर दर आठ-दहा वर्षांनी ही वेळ येते. ज्यांनी पथक उभं केलं ते नोकरी, संसार, पाठदुखी अशा कारणांनी मागे सरकतात आणि सूत्रं पंचविशी-तिशीतल्या कुणाच्या तरी हाती येतात. वाद्यपूजनाला महिना उरलेला असतो आणि पहिल्याच बैठकीत प्रश्न निघतो: यंदा आपले नेहमीचेच हात, म्हणजे ठरलेले ताल, वाजवायचे, की नवं काही बसवायचं?

मी सतरा वर्षं ताशा वाजवला. तेवढ्यात दोन पथकांत प्रमुख बदलताना जवळून पाहिलं. एक पथक टिकलं, दुसरं दोन गणपतींत फुटलं. माणसं दोन्हीकडे जीव लावणारी होती. म्हणून आज ज्यांच्यापुढे हा निर्णय आहे त्यांच्यासाठी दोन्ही वाटा शेजारी शेजारी ठेवून बघतो.

आधी जुन्याबद्दल. मुळशी-मावळाकडच्या गावांतून ढोल-लेझमीचे ताफे पुण्याच्या मिरवणुकीत वाजवायला यायचे. पुढे ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग, गरवारे प्रशाला अशा शाळांनी विद्यार्थ्यांची पथकं उभी केली. रांगा आल्या, गणवेश आला, सरावाला वेळेवर यायची शिस्त आली, मुलींच्या कमरेला ढोल बांधला गेला. आज ज्याला आपण पारंपरिक वादन म्हणतो ते असं घडलेलं आहे, आणि घडत होतं तेव्हा ते नवंच होतं. 'गावठी' नावाचा हात आपण अजून वाजवतो. त्या नावात ती गावं राहिली आहेत. त्यामुळे 'आमच्यात असं कधी झालं नाही' हे वाक्य बैठकीत कुणी म्हटलं तर ते शांतपणे ऐकावं, पण त्यावर निर्णय ठरवू नये.

मला एकच कसोटी खरी वाटते. ढोलवाला ताशाकडे बघून वाजवतो का? आपल्याकडे कागदावर काही लिहिलेलं नसतं. ताशाची तर्री, म्हणजे काड्यांची भरभर कडकड, सुरू होते, मधला ताशावाला काड्या वर करतो, आणि सगळी रांग एका ठोक्यात हात बदलते. नवा मुलगा टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, कसं धरायचं हे आठवड्यात शिकतो, पण नजर ताशावर ठेवायला त्याला पहिला सगळा मोसम लागतो. जो बदल ही नजर तोडत नाही तो खुशाल करावा. जो तोडतो तो कितीही आकर्षक असला तरी करू नये. पुढची सगळी तुलना याच कसोटीवर आहे.

हातांचं काय

जुने हात ठेवण्याचा मोठा फायदा माणसांचा आहे. पाच-सहा हात पक्के असले की नोकरीमुळे फक्त रविवारी सरावाला येणारा, किंवा बंगळूरहून थेट विसर्जनाला उतरणारा जुना वादकही रांगेत उभा राहू शकतो. नव्या मुलाला महिन्याभरात हे हात येतात. लक्ष्मी रस्त्यावर ते चालतंही नीट, कारण मिरवणूक कुणाच्या ताब्यात नसते. रथ दहा पावलं सरकतो आणि थांबतो, मागून पोलीस 'पुढे चला' म्हणतात, आणि भजनी किंवा गावठी हात कुठेही तोडून कुठेही पुन्हा उचलता येतो.

तोटाही खरा आहे. चांगला ताशावाला तीन-चार वर्षांत कंटाळतो. ज्याच्या हातात काहीतरी नवं सुचण्याची ताकद आहे तोच आधी दुसऱ्या पथकात जातो, आणि प्रमुखाला ते जुलै उजाडल्यावर कळतं.

नव्या रचनांचं बळ दिसतं ते स्थिरवादनात, म्हणजे एका जागी उभं राहून वाजवताना. मध्येच सगळे ढोल थांबवून फक्त झांजा ठेवणं, टोलाच्या एका ठोक्यावर पुन्हा उठणं, आरतीची चाल ताशावर काढणं, ध्वजाच्या फेरीशी वादन जुळवणं, हे सगळं मी केलं आहे आणि त्यात जो आनंद आहे तो नाकारणार नाही. मोबाइलवर चित्रफीत फिरते, पुढच्या वर्षी नावनोंदणीला गर्दी होते. पण सहा मिनिटांची बांधलेली रचना चालत्या मिरवणुकीत मोडते. बेलबाग चौकात सुरू केली आणि तिसऱ्या मिनिटाला रथ हलला, तर काय करायचं हे कुणालाच ठाऊक नसतं.

फुटलेल्या पथकात हेच झालं. नव्या प्रमुखाने एका मोसमात सगळे हात बदलले. मुलगा गुणी होता, रचना सुंदर होत्या. विसर्जनाच्या रात्री पुढच्या तीन रांगा नव्या हातावर गेल्या आणि मागच्या जुन्यावरच राहिल्या. मागे उभे होते ते दहा-बारा वर्षं वाजवणारे, ज्यांना रोज सरावाला येणं जमलं नव्हतं. कुणी कुणाला बोललं नाही. पण दुसऱ्या वर्षी ते लोक आले नाहीत, आणि त्यांच्याबरोबर आमचे दोन सर्वांत पक्के ताशेही गेले.

टिकलेल्या पथकात नव्या प्रमुखाने पहिलं वर्ष एकही हात बदलला नाही. आधीच्या प्रमुखाला त्याने मंचावर बसवलं नाही, ताशाच्या रांगेत उभं केलं. दुसऱ्या वर्षी दोन नवे हात आले, आणि ते बसवले त्या जुन्या प्रमुखानेच. माझं मत तेव्हापासून पक्कं आहे: मिरवणुकीला जुने हात, स्थिरवादनाला नवे, आणि वर्षाला दोनापेक्षा जास्त नवे नकोत.

एका गोष्टीला मात्र माझा पूर्ण विरोध आहे. स्पीकरवर गाणं लावून त्यावर ढोल वाजवणं. गाणं कुठलं आहे याच्याशी मला घेणं नाही. स्पीकर लागला की रांग स्पीकरचं ऐकते आणि ताशावाला शोभेला उरतो. दोन वर्षं असं केलेल्या पथकाला पुन्हा ताशावर आणायला किती त्रास होतो ते मी भोगलं आहे.

पान: चामड्याचं की फायबरचं

ढोलाच्या तोंडावर ताणून बसवतात ते पान. यावर बैठकीत तास जातात, जायला नकोत. चामड्याच्या पानाची घुमक वेगळीच, ती पोटात जाणवते. पण भाद्रपदात पाऊस असतो. चार सरी आल्या की पान उतरतं, दोऱ्या ओढत बसावं लागतं, शेक द्यावा लागतो, आणि तेवढ्यात पथकाची वेळ निघून जाते. फायबरचं पान पावसाला दाद देत नाही आणि टिकतं जास्त. आवाज कोरडा आणि टोकदार येतो, जवळ उभ्या असलेल्याच्या कानाला लागतो. ताशाकडे बघणारी नजर दोन्हींत तशीच राहते, म्हणून पैसा, गोदाम आणि दुरुस्तीला माणूस किती आहे ते बघून ठरवावं. एका बाजूला फायबर आणि दुसऱ्या बाजूला चामडं हीही सोय आहे. रांगेतल्या सगळ्या ढोलांची जोडणी सारखी असली म्हणजे झालं.

किती ढोल

'आमचे इतके ढोल' ही पथकांची जुनी शेखी. नव्या प्रमुखाला पहिला मोह संख्या वाढवण्याचा होतो, कारण ती लगेच दिसते. ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ध्वनिप्रदूषणाच्या प्रकरणात एका पथकात जास्तीत जास्त ३० जण अशी मर्यादा घातली होती. विसर्जनाला पाच दिवस असताना, १२ सप्टेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, मीही. पण त्या दोन आठवड्यांत आम्ही ३० जणांचा सराव करून पाहिला होता, आणि इतकं स्वच्छ वादन मी आमच्या पथकाचं त्याआधी ऐकलं नव्हतं. शेवटच्या रांगेतल्या मुलीला ताशावाल्याच्या काड्या दिसत होत्या.

त्यामुळे संख्येबद्दल माझं उत्तर साधं आहे. शेवटच्या रांगेत स्वतः उभं राहून पाहा. काड्या दिसत नसतील तर तिथे एक रांग कमी करा, किंवा मध्ये आणखी एक ताशा उभा करा. मोठं पथक हवंच असेल तर ताशे आधी वाढवा, ढोल नंतर. ढोलाला माणूस सहज मिळतो, ताशाला मिळत नाही.

थोडं बाहेरचं

अमेरिकेत ड्रम कोअर नावाचे ताफे असतात: पितळी वाद्यं, ढोल आणि निशाणं घेऊन मैदानावर आकृत्या करणारी तरुण मंडळी. त्यांची ड्रम कोअर इंटरनॅशनल ही शिखर संस्था १९७१ मध्ये स्थापन झाली. त्यांच्यातही हीच भांडणं झाली आहेत. वर्षानुवर्षं एकाच पट्टीतले बिगुल वाजवायचा नियम होता, तो २००० मध्ये सैल झाला. २००४ पासून ध्वनिवर्धक आले, २००९ पासून इलेक्ट्रॉनिक वाद्यं. प्रत्येक वेळी जुनी मंडळी रुसली. १९३८ पासून केवळ मुलांचा असलेल्या मॅडिसन स्काउट्स या ताफ्याने २०१९ मध्ये मुलींनाही घ्यायचं जाहीर केलं.

त्यांच्याकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे वादकाला वयाची मर्यादा असते. बाविशीच्या आसपास प्रत्येकाला ताफा सोडावाच लागतो. म्हणून शिकवून जाणं हा त्यांच्या मोसमाचा भागच असतो. आपल्याकडे चाळिशीचा माणूसही ढोल बांधतो, हे आपलं सुख आहे आणि मला ते सोडायचं नाही. पण त्यामुळे शिकवणं लांबतं, आणि प्रमुख गेला की त्याच्या डोक्यातले हातही जातात. सूत्रं देण्याआधीच्या वर्षी जुन्या प्रमुखाबरोबर दोन तरुण ताशे कायम जोडून द्या. एवढं केलं तर पुढची अर्धी भांडणं होत नाहीत.

सुपारी

एका मंडळाशी बांधलेलं पथक आणि वर्षभर सुपाऱ्या, म्हणजे पैसे घेऊन वाजवायची कामं, घेणारं पथक यांत निवड करायची असेल, तर हिशेब पैशाइतकाच सरावाचा आहे. गुढीपाडव्याच्या शोभायात्रा (डोंबिवलीची १९९९ पासून चालू आहे आणि तिच्या मागोमाग कितीतरी गावांत सुरू झाल्या), लग्नं, दुकानांची उद्घाटनं यांतून वाद्यांची देखभाल निघते, गोदामाचं भाडं निघतं. पण दर सुपारीला तीच पंधरा माणसं मोकळी असतात. हळूहळू पथकात एक पथक तयार होतं, त्याचे हात वेगळे, त्याचा ताशावाला वेगळा. सुपारी घ्यायची तर जाणारी माणसं फिरती ठेवा आणि मानधनाचा हिशेब महिन्याच्या महिन्याला सगळ्यांसमोर वाचा. हे जमणार नसेल तर एकच मंडळ बरं.

आवाज आणि कान

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत व्यापारी भागात दिवसा ६५ आणि निवासी भागात ५५ डेसिबलची मर्यादा आहे. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेचे विद्यार्थी विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर आवाज मोजतात. करोनाची वर्षं सोडली तर आकडा बहुतेक वेळा ९० च्या पुढे असतो, काही वर्षी १०० च्याही पार गेला आहे. त्यात स्पीकरच्या भिंतींचा वाटा मोठा आहे, पण आपला नाहीच असं मी म्हणणार नाही.

रस्त्यावरचा माणूस अर्ध्या तासाने घरी जातो. आपण दोन महिने रोज त्यातच उभे असतो. कामगारांच्या आरोग्यासाठी अमेरिकेत जो मापदंड सुचवलेला आहे त्यानुसार ८५ डेसिबलमध्ये आठ तास चालतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. माझ्या डाव्या कानात आता सतत बारीक शिट्टी वाजते. नव्या प्रमुखाने पहिल्या दिवशी कुठला एकच बदल करावा असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, सगळ्यांना कानात घालायची बोळी द्या. लहान मुलं सरावाला येत असतील तर त्यांना आधी. ताशा डोळ्यांनी बघायचा असतो, त्यामुळे वादनाचं काहीही बिघडत नाही. जुनी मंडळी पहिल्या दिवशी नाक मुरडतील, पण आठवड्यात घालतील.

कागद

पथक न्यास म्हणून नोंदलेलं असेल तर विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. बँकेतल्या सह्याही बदलाव्या लागतात. जुना प्रमुख रुसून गेल्यावर त्याच्या सहीसाठी हेलपाटे घालणं फार वाईट. सगळे हसत असतात तेव्हाच, नारळ वाढवण्याच्या आधी, हे उरकून घ्या.

मग कोणी काय निवडावं

ताशे चारपेक्षा कमी असतील, किंवा निम्मे वादक रोज सरावाला येऊ शकत नसतील, तर जुने हातच ठेवा आणि यंदाचा सगळा जोर नवे ताशे तयार करण्यावर लावा. ताशे भरपूर, वादक कॉलेजातले, आणि मंडळ चौकात वीस मिनिटं स्थिरवादन देणारं असेल तर नवं बसवायला उशीर करू नका. अशी माणसं एकत्र मिळण्याची वर्षं थोडी असतात. जुना प्रमुख नाराज होऊन गेला असेल तर हातांना वर्षभर शिवू नका. आणि परदेशात, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीसाठी पथक बांधत असाल, जिथे महिन्यातून दोन रविवार कसेबसे मिळतात, तर तीन हात पुरेत. ते तीन असे बसवा की ताशावाल्याने काड्या उचलल्या की कुणालाही शेजाऱ्याकडे बघावं लागणार नाही.