स्पिरुलिनाच्या टाकीसाठी एक्सेल मॉडेल: दिवाळी ते मे, वापरानंतरचा अनुभव

नवी मुंबईतल्या उलव्यात आमची स्पिरुलिनाची (खाण्यासाठी वाढवतात त्या सूक्ष्म शेवाळाची) उघडी टाकी आहे. पाणी 20 सेंटिमीटर, ढवळायला पॅडल व्हील. प्रशिक्षणात एक एक्सेल शीट मिळाली होती. ऊन, तापमान, आर्द्रता आणि वारा भरला की किती पाणी उडेल आणि कल्चर (टाकीत वाढणारं हे शेवाळ) किती वाढेल, याचा अंदाज ती देते. दिवाळीपासून मेअखेरपर्यंत वापरली. बाष्पीभवनाच्या भागाला पाचपैकी चार देईन, वाढीच्या भागाला अडीच.

फायदा आधी सांगते. दिवसाला 5 मिलिमीटर पाणी उडालं, तर तेवढ्यानेच कल्चर अडीच टक्के दाट होतं, काहीही न वाढता. लिटरला अर्धा ग्रॅम धरला तर आमच्या टाकीत चौरस मीटरमागे 100 ग्रॅम माल. त्यात 8 ग्रॅम भर पडली की वाढ 8 टक्के. पण पातळी न बघता नुसता ओडी (किती प्रकाश अडतो त्यावरून काढलेला दाटपणा) मोजला तर तीच जवळपास 11 टक्के दिसते. त्या आकड्यावर काढणी करत राहिलं की टाकी पातळ होत जाते आणि कारण सापडत नाही. ही शीट ओडीबरोबर पातळी मागते. एवढ्यासाठीच ती मला मोलाची वाटते.

पातळीसाठी भिंतीला स्टीलची पट्टी लावली आहे. पॅडल बंद करून पाणी संथ झालं की काका वाचतात. पाणी उतरलं की पट्टीवर सोड्याचा पांढरा थर बसतो, तो पुसल्याशिवाय रेघा दिसत नाहीत. म्हणून ओलं फडकं तिथेच टांगलेलं असतं.

आता तक्रार. आत एफएओचं (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचं) 1998 चं पेनमन-माँटिथ हे बाष्पीभवनाचं समीकरण आहे आणि ते गवतासाठी आहे. गवत 23 टक्के ऊन परत फेकतं, पाणी त्याहून खूप कमी. शिवाय त्यातला 0.34 हा आकडा गवताच्या पानांतून वाफ बाहेर पडायला होणाऱ्या अडथळ्याचा. पाण्याला पानं कुठली? मूळ आकड्यांवर अंदाज सतत कमी यायचा. परावर्तन 6 टक्के केलं, 0.34 चा भाग काढला, तेव्हा पट्टीशी जुळायला लागलं. हे शीट देतानाच सांगायला हवं होतं.

हवामानाची माहिती नासा पॉवर या नासाच्या वेबसाइटवरून फुकट मिळते. पण तिथे तापमान-आर्द्रतेचा एक चौकोन अर्ध्या अंशाचा, म्हणजे उत्तर-दक्षिण 55 किलोमीटरचा. आपल्याकडे तेवढ्यात किनारा, खाडी, डोंगर सगळं येतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये खारे वारे उशिरा सुटतात आणि दुपारपर्यंत पूर्वेकडून कोरडा वारा वाहतो, त्या दिवशी टाकी अंदाजापेक्षा जास्त उतरते. आर्द्रता मोजणारा ओला-कोरडा थर्मामीटर टाकीपाशीच लावा. त्याने खूप फरक पडला.

वाढीचे गुण कापले ते तापमानामुळे. शीट हवेचं सरासरी तापमानच पाण्याचं धरते. जानेवारीत सकाळी पाणी गार आणि वर लख्ख ऊन, अशा वेळी स्पिरुलिना उन्हानेच दबते. सरासरीत ते दिसत नाही. मे महिन्यात उलटं. एक लिटर पाणी उडताना सुमारे 2.45 मेगाज्यूल उष्णता घेऊन जातं, म्हणजे 5 मिलिमीटरला चौरस मीटरमागे 12 च्या वर. हवा दमट झाली की पाणी कमी उडतं. पाणी वाचलं म्हणून बरं वाटतं, पण तीच उष्णता टाकीत राहते. स्पिरुलिनाला 35 ते 37 अंश मानवतात. चाळिशीच्या पुढे जाऊ द्यायचं नाही. त्यामुळे मेमध्ये बाष्पीभवनाचा आकडा खाली आला की आम्ही शेडनेट ओढतो. शीट हे स्वतःहून सांगत नाही, पण आकडा तिचाच.

भर घालायच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) टाकायला रकाना नाही, तो करून घ्या. पाणी उडतं, क्षार राहतात. रोज 5 मिलिमीटर भरलं तर 100 दिवसांत टाकीच्या अडीच पट पाण्याचे क्षार आत जमतात. खाडीजवळच्या बोअरचं पाणी असेल तर हा रकाना पहिल्या दिवसापासून हवाच.

पावसाचा रकानाही नाही. एका दिवसात 100 मिलिमीटर पडला तर 20 चे 30 सेंटिमीटर होतात आणि दाटपणा एक तृतीयांशाने उतरतो, तोही टाकीला तेवढा काठ असेल तर. आम्ही पाऊस सुरू व्हायच्या आत वर प्लास्टिक टाकतो आहोत. छपराखाली ऊन किती पोचतं ते मोजून शीटमध्ये भरणार आहे. ज्यांनी पावसाळ्यात वापरली असेल त्यांनी छपराखालचे आकडे जरूर कळवा.