लुगर पी-०८ की वाल्थर पी-३८ : ठशांवरून निवड

संग्रहासाठी पहिलं जुनं जर्मन लष्करी पिस्तूल घेताना बहुतेकांची निवड या दोघांत अडकते. मी दोन्हींकडे आधी ठशांच्या, म्हणजे धातूवर मारलेल्या खुणा-आकड्यांच्या, बाजूने पाहतो, कारण पिस्तूल कुणी, कधी, कुणासाठी बनवलं हे तिथेच कळतं.

पी-०८ वर वाचायला खूप काही असतं. टॉगलवर (वरच्या बाजूचा गुडघ्यासारखा दुमडणारा सांधा) कारखान्याची खूण: डीडब्ल्यूएम या जर्मन शस्त्र कंपनीची गुंफलेली अक्षरं, किंवा मुकुट आणि खाली ‘एर्फुर्ट’, म्हणजे एर्फुर्टचा सरकारी कारखाना. चेंबरवर, म्हणजे काडतूस बसतं त्या भागावर, वर्ष. त्या वर्षाच्या जोडीला १९२० हा आकडाही असला, तर ते बनावटीचं साल नव्हे. पहिल्या महायुद्धानंतर सरकारी मालमत्ता म्हणून मारलेला तो शिक्का आहे. अनुक्रमांक चार आकड्यांपर्यंत जातो, मग पुढे अक्षर लागतं आणि दर वर्षी मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. म्हणून साल न सांगता दिलेला नंबर काही कामाचा नाही. त्या नंबरचे शेवटचे दोन आकडे बारीकसारीक सुट्या भागांवरही असतात. एर्फुर्टने तर जवळपास प्रत्येक भागावर तपासनिसाचा मुकुटाचा ठसा मारला आहे, आणि हे बारकावे पाहायला मला अजूनही फार आवडतं. मुठीच्या पुढच्या पट्टीवर ‘८२.आर.४.३१’ अशा धर्तीची ओळ असली, तर ८२ वी पायदळ रेजिमेंट, चौथी कंपनी, ३१ वं हत्यार. एका सैनिकाच्या हातापर्यंत नेणारी अशी खूण पी-३८ वर सहसा नसते.

पी-३८ चं वाचन सोपं आहे. स्लाइडवर (वरचा मागे-पुढे सरकणारा भाग) कारखान्याची सांकेतिक अक्षरं आणि सालाचे दोन आकडे: ‘एसी’ म्हणजे वाल्थर, ‘बीवायएफ’ म्हणजे माउझर, १९४५ मध्ये त्याचंच ‘एसव्हीडब्ल्यू’ झालं. ‘सीवायक्यू’ म्हणजे श्प्रेवेर्क हा तिसरा कारखाना, आणि त्यावर साल नसतं. माउझरचं ‘बीवायएफ’ १९४१-४२ च्या पी-०८ वरही आहे, त्यामुळे नुसत्या अक्षरांवर जाऊ नका. फ्रेम (मुठीसह खालचा सांगाडा), स्लाइड आणि नळी यांचे नंबर जुळले की बहुतांश काम झालं. पाच टोकांचा तारा दिसला तर ते युद्ध संपल्यावर फ्रेंचांच्या ताब्यातल्या ओबर्नडॉर्फमध्ये, म्हणजे माउझरच्या कारखान्याच्या गावी, जोडलेलं असू शकतं. जर्मन सैन्याचं म्हणून त्याला भाव देऊ नये.

फसवणुकीचा धोका पी-०८ मध्ये जास्त आहे, कारण जुळणाऱ्या नंबरांना मोठी किंमत मिळते. खरा ठसा मारताना कडेचं लोखंड किंचित वर येतं. घासून पुन्हा निळी झिलई दिली की ती कड बुजते. भिंगाखाली हे दिसतं.

ठसे वाचायचा सराव नसेल तर आधी पी-३८ घ्या, शक्यतो १९४३ च्या आसपासचं ‘एसी’. सराव असेल आणि विकणारा तुमच्यासमोर पिस्तूल सुटं करायला तयार असेल, तर पहिल्या महायुद्धातलं एर्फुर्ट घ्या. तो तयार नसेल, तर किंमत कितीही उतरली तरी पी-०८ घेऊ नका.