दारू सोडवायची: नागपुरात भरती की तालुक्याचं क्लिनिक?

धान कापणीला आलं असताना घरच्या माणसाला महिनाभर नागपूरच्या व्यसनमुक्ती केंद्रात ठेवणं कोणाला परवडतं? त्याची मजुरी बुडते, सोबत राहणाऱ्याचीही. तरी काहींना भरतीवाचून इलाज नाही. वर्षानुवर्षं सकाळपासून पिणाऱ्याची दारू एकदम थांबली, तर हात कापतात, दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीवही जातो. अशा माणसाला घरात कोंडून दारू सोडवू नका हो. थेट दवाखान्यात न्या.

बाकीच्यांसाठी मला तालुक्याचं क्लिनिकच बरं वाटतं. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी मोहाची दारू गाळली जातेच. तिथं ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकाराने चालणारं मुक्तिपथ हे दारू-तंबाखू सोडवण्याचं अभियान तालुक्यात क्लिनिक आणि गावात शिबिरं घेतं. बायको सोबत येऊ शकते, औषध तिच्या हाती राहतं, पुन्हा प्याला तरी पुढच्या खेपेला येता येतं. मोठ्या केंद्रातून सुटी झाली की हा पाठपुरावाच तुटतो. अडचण एकच: क्लिनिकातून परतताना भट्टी वाटेतच असते.

आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण? त्यासाठी भरती कोण होतं! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातले १३.९ टक्के पुरुष दारू पिणारे होते, तंबाखूचे ३३.८ टक्के. या दुसऱ्या आकड्याला शहरातल्या खाटा पुरणार नाहीत; गावाजवळचं समुपदेशनच हवं.

कुठं जायचं हेच कळत नसेल, तर १४४४६ ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. फोन घरच्यांनी केला तरी चालतो.