सीलबंद पाकिटातली वापरलेली सुई

मोठा छेद न देता मणक्याची शस्त्रक्रिया करायची, तर आधी त्वचेतून हाडात जाते ती सुई. आम्ही तिला जमशिदी म्हणतो. थिएटरचं स्टोअर माझ्याकडे आहे, आणि या सुयांच्या खरेदीत मी फसले.

नेहमीच्या पुरवठादाराकडचा माल संपला होता. नव्या वितरकाने तीच कंपनी, तीच 11 गेज जाडीची सुई निम्म्या भावात देऊ केली. नमुना अस्सल होता. खोकं आल्यावर मी नग मोजले, एक्सपायरी पाहिली आणि कपाटात ठेवलं. लेबल नीट वाचलं नाही.

तिसऱ्या केसला सर म्हणाले, "सिस्टर, ही हाडावर धरतच नाही, सरकतेय." सी-आर्मवर, म्हणजे थिएटरमधल्या एक्स-रे यंत्रावर, पुन्हा पुन्हा फोटो घ्यावे लागले. सुई मणक्याच्या ज्या अरुंद हाडातून आत जाते ते पेडिकल. त्याच्या आतल्या भिंतीला लागूनच मज्जारज्जूची पोकळी असते, तिथे सुई घसरून चालत नाही. दुसरी फोडली, तर तिचा स्टायलेट (आतली सळई) कॅन्युलात (बाहेरच्या नळीत) अडकत होता. शेवटी जुन्या साठ्यातल्या सुईवर काम झालं.

नंतर दोन्ही भिंगाखाली धरल्या. टोकाची धार दुमडलेली, मुठीवर हातोडीच्या खुणा, किती खोल गेली ते दाखवणाऱ्या रेघा पुसट. नळीतून तार ओढली तर तिला तपकिरी कण चिकटून आले. या सुया आधी कुणाच्या तरी हाडात जाऊन आल्या होत्या.

मग उरलेली पाकिटं काढली. लॉट नंबर, म्हणजे माल कुठल्या खेपेत बनला तो क्रमांक, छापलेला नव्हता, चिकटवलेला होता. नखाने सोलला, खाली वेगळीच तारीख. निर्जंतुक करणारा इथिलीन ऑक्साइड वायू लागला की पाकिटावरच्या ठिपक्याचा रंग बदलतो, एकावरचा बदललेलाच नव्हता. गोलातला काट मारलेला 2, म्हणजे 'पुन्हा वापरू नका', मात्र सगळ्यांवर ठळक होता. कंपनीला विचारलं, तर तो लॉट या सुयांचा नव्हताच.

परत निर्जंतुक केली की झालं, असं म्हणणारे भेटतात. नाही होत. 11 गेजची बाहेरची जाडीच जेमतेम 3 मिलिमीटर. आत रक्त आणि मज्जा वाळून बसली की ब्रशने ती पूर्ण निघत नाही, आणि त्या थराखाली वायूचीही खात्री नाही.

सगळ्यात कठीण होतं आधीच्या दोन रुग्णांना सांगणं. त्यांच्या सुया टाकून दिलेल्या, त्या नव्या होत्या की नाही हे कळायला मार्ग नव्हता. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीच्या तपासण्या केल्या, 6 महिन्यांपर्यंत पुन्हा करायच्या आहेत. एका आजींना फक्त जागेपुरती भूल दिली होती. त्यांनी विचारलं, "पाकीट तर माझ्यासमोरच फोडलंत ना?" फोडलं होतं.

आता खोकं आणि पाकीट यांचा लॉट जुळल्याशिवाय मी माल घेत नाही, पाकिटावरचं लेबल रुग्णाच्या फाइलला लावते. वापरलेली प्रत्येक सुई मोजून, नोंद करून कडक डब्यात जाते, कारण त्या सुया कुठल्यातरी थिएटरच्या कचऱ्यातूनच निघाल्या असणार. तक्रार दिली आहे, उरलेली पाकिटं पुराव्यासाठी बंद करून ठेवली आहेत. वितरक फोन उचलत नाही. आजींची शेवटची तपासणी अजून व्हायची आहे.